रिकार्डोचा सिद्धांत आणि इंदापूरची माती

अभिजात अर्थशास्त्रज्ञांची आमची पहिली ओळख कॉलेजात झाली, ती परीक्षेपुरती. खरी ओळख झाली ती महसूल खात्याच्या दप्तरखान्यात. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे तेथील जुन्या पैमाशीच्या कागदांवर मुंबई इलाख्याची छाप आहे. त्या कागदांचा माग काढीत गेले की आपण थेट लंडनला पोचतो.

डेव्हिड रिकार्डोचा मुख्य ग्रंथ १८१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील खंडाचा सिद्धांत आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगता येतो. तोंडे वाढली की काळ्या जमिनीबरोबर मुरमाड माळही नांगराखाली येतो. धान्याचा भाव त्या माळावरील खर्चाने ठरतो. तेवढ्याच खर्चात काळ्या जमिनीत जे अधिक पिकते, ते कष्टाचे फळ नव्हे, मातीच्या गुणाचे होय, तोच खंड. धान्य महागते म्हणून खंड चढतो, खंडामुळे धान्य महागत नाही. १८१९ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत असलेल्या जेम्स मिलने यातून पुढचा निष्कर्ष काढला : हा वाढावा सरकारने घेतला तर मजुरी घटत नाही आणि नफाही घटत नाही.

कंपनीचे अधिकारी हेलीबरीच्या कॉलेजात तयार होत आणि तेथे अर्थशास्त्र शिकवीत ते माल्थस. त्यांचा विद्यार्थी आर. के. प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात हा सिद्धांत प्रत्यक्षात आणला. एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा शेकडा ५५ हिस्सा सरकारने घ्यावा, अशी त्याची योजना होती. १८३० साली ती अमलात आली. कागदावर तिच्यात खोट काढणे अवघड होते. परंतु मोजणी सदोष झाली, हाताखालच्या नोकरांनी लाच खाल्ली, धान्याचे भाव कोसळले. इंदापूर तालुक्यात जमिनी पडीक पडल्या आणि कित्येक शेतकरी गाव सोडून गेले.

१८३५ साली त्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम आरंभले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेबच सोडून दिला. मातीची खोली, चुनखडी, वाळू, उतार पाहून जमिनीच्या सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती लावल्या. मागील वसुली व स्थानिक परिस्थिती पाहून झेपेल असा धारा बसवला आणि तो तीस वर्षे बदलणार नाही अशी हमी दिली. पडीक जमिनी पुन्हा लागवडीस आल्या.

आमच्या मते प्रिंगल मूर्ख नव्हता. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न सरकारला कळू शकते, हे त्याचे गृहीतच टिकणारे नव्हते. दुष्काळी पाहणीत पिकाची आणेवारी ठरवताना आम्ही हेच अनुभवले. एका तुकड्याचे पीक कापून तोलायचे आणि त्यावरून साऱ्या गावाची सरासरी काढायची. ती सरासरी नियमाला धरून असे. पण बांधापलीकडे ज्याचे काहीच आले नाही, त्याचे पोट तिने भरत नसे.

ॲडम स्मिथने १७७६ साली सांगून ठेवले होते की करातील थोडी अनिश्चितता ही बऱ्याच विषमतेहूनही वाईट. विंगेटच्या तीस वर्षांत हेच तत्त्व दिसते. मात्र निश्चिततेनेही सारे भागत नाही. रोख धारा दुष्काळातही भरावा लागे आणि तो भरण्यासाठी सावकाराची पायरी चढावी लागे. १८६५ नंतर कापसाचे भाव पडले, १८६७ साली इंदापूरचा धारा फेरआकारणीत बराच वाढला आणि मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात बजावले, की इंग्लंडात गृहीत धरलेली प्रमेये हिंदुस्थानास जशीच्या तशी लागू पडत नाहीत. रिकार्डो टाकाऊ ठरला, असा याचा अर्थ आम्ही घेत नाही. शहरालगतच्या जमिनीचे भाव मालकाने काही न करता चढताना पाहिले की त्याचाच सिद्धांत आठवतो. वाढावा कोठून येतो, हे तो अचूक सांगतो. तो कोणाकडून, किती आणि कोणत्या वर्षी घ्यावा, हे मात्र शेतावर जाऊनच ठरवावे लागते.

आपल्यापैकी अनेक घरांत धाऱ्याच्या जुन्या पावत्या आजही असतील. त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचाव्यात. त्यांवरील आण्या-पैंमागे एका मोठ्या विचाराची चूक आणि तिची दुरुस्ती, दोन्ही आहेत.