उसना दशक

शनिवार. सकाळची शाळा सुटली, तरी वह्या घेऊन बसले आहे.

५२ वजा २७. तिसरीच्या निम्म्या वह्यांत उत्तर ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलांनी सातातून दोन काढले. कित्येक वर्षं मी याला निष्काळजीपणा म्हणत आले, लाल रेघ मारत आले. डी.एड.ला कृतिसंशोधनाचा अहवाल लिहिला होता: गृहीतकं, तक्ते, सुबक बांधणी. मार्क मिळाले आणि तो कपाटात गेला. कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडलेला कृतिसंशोधनाचा विचार तसा साधा होता. कृती करा, काय घडलं ते पाहा, त्यावरून पुढचं पाऊल ठरवा. ते मी आत्ता कुठे करते आहे.

या आठवड्यात चूक दाखवायची नाही असं ठरवलं. एकेकाला जवळ बसवून नुसतं विचारलं, "कसं केलंस, सांग बरं." मंगळवारी एक मुलगी म्हणाली, "बाई, शेजारून उसना घेतलेला दशक परत कधी द्यायचा?"

मी गप्पच झाले. तिच्या घरी उसनी आणलेली साखर परत जाते. माझा शब्दच तिला अडवत होता.

बुधवारपासून 'उसना' बंद. काड्यांचे गठ्ठे आणले. दहाची नोट मोडतो तसा गठ्ठा सोडायचा. पाच दशकांचे राहिले चार, सुटे झाले बारा. आज तिनं २५ लिहिलं. ४०३ वजा १६८ला मात्र सगळी अडखळली. मधल्या शून्यापाशी सोडायला गठ्ठाच नाही. सोमवारी शंभराचा मोठा गठ्ठा बांधून न्यायचा. दोरा आणायला हवा.