डब्यावरचा त्रिकोण

वाशिम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेला सगळा वेळ पक्ष्यांना देते. "मॅडम, केमिस्ट्रीचा नि पाखरांचा काय संबंध?" हा प्रश्न दरवर्षी नव्या वर्गातून येतोच. मग मी मुलांना घरी वापरतात त्या फवारणीच्या औषधाच्या लेबलचा फोटो काढून आणायला सांगते. त्यावर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हा रंग ठरतो प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरच्या, मुख्यतः उंदरांवरच्या चाचण्यांवरून. शेतात चरणाऱ्या पक्ष्याचा हिशेब त्या रंगात धरलेला नसतो.

मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक घ्या. उंदरांसाठी त्याची मारक मात्रा शरीराच्या वजनाच्या किलोमागे साधारण १४ ते १८ मिलिग्रॅम. पण ज्या पक्ष्यांवर चाचण्या झाल्या, त्यांतल्या बहुतेकांसाठी ती सात मिलिग्रॅमच्याही खाली. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात नाकतोड्यांवर हे औषध मारलं गेलं, आणि ते नाकतोडे खाणारे स्वेन्सन्स हॉक हे शिकारी पक्षी हजारोंनी मेले. उत्तर अमेरिकेतून तिथे पाहुणे आलेले पक्षी होते ते. आपल्याकडे हिवाळ्यात माळांवर येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षीही नाकतोडे खातात, म्हणून ही गोष्ट मी वर्गात कधी टाळत नाही.

गिधाडांचंही तसंच झालं. डायक्लोफेनॅक म्हणजे ताप-सुजेवरचं साधं औषध. बैलाला उतार पडायचा, माणसालाही पडतो. पण औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं बंद पडत. युरिक आम्लाचे पांढरे थर आतल्या अवयवांवर साचत. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे सिद्ध केलं, २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ च्या तुलनेत हजारात एखाद-दुसरंच उरली होती. एका शरीराला तारणारा रेणू दुसऱ्याला मारतो, हे रसायनशास्त्राच्या माणसाने सांगायचं नाही तर कुणी?

आमच्याकडे हा प्रश्न तणमोरापाशी येऊन थांबतो. गवताळ माळावरचा हा पक्षी २०२१ पासून जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. पावसाळ्यात अकोला-वाशिम भागातल्या माळांवर तो विणीला येतो. मी त्याला पाहिलं ते एका फासेपारधी काकांमुळे. जागा लिहीत नाही. तणमोराची जागा छापायची नसते. पहाटे गवतात बसलो होतो, कुसळी कमरेपर्यंत आलेली. मी दुर्बीण लावली तशी काकांनी ती हाताने खाली केली. "ताई, आदी आयका." मग कुठून तरी बेडकासारखा टर्र आवाज आला आणि त्याच क्षणी एक काळा नर गवताच्या वर उसळला. पंख पांढरे चमकले, मान मागे ताणलेली, डोक्यामागची लांब पिसं वर वळलेली. दुसऱ्या क्षणी तो गवतात गडप. पुन्हा उसळला, पुन्हा गडप. मादीला आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून नर दिवसभरात शेकडो वेळा अशी उडी घेतो. त्यासाठी गवत हवं, आणि गवतात नाकतोडे हवेत.

हे गवत उरलंय ते कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यात, काही गायरानांत आणि ई-क्लासच्या सरकारी जमिनींवर. कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांच्या 'संवेदना' संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन माळ राखण्याचं जे काम उभं केलं, त्याला मी फार मोठं मानते. ज्यांच्या हातात पिढ्यान् पिढ्या फासे होते, त्यांच्याइतकं गवत कुणालाच वाचता येत नाही. पदव्या घेऊन आलेल्या आम्हा लोकांनी हे आधीच ओळखायला हवं होतं.

पण राखलेल्या माळाच्या कडेला सोयाबीन असतं. एका पेरणीच्या दिवसांत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोर मरून पडल्याचा निरोप आला. वनरक्षकांनी पंचनामा केला, पशुवैद्यकांनी माझ्यासमोर गळ्याची पिशवी उघडली. आत गुलाबी रंग लावलेलं बियाणं होतं. तो रंग म्हणजे औषध चोळल्याची खूण. माणसाला ती कळते. शेतमालक बाजूला उभे होते. म्हणाले, "मोर मेला त पाप लागते मॅडम. पण अळीनं खाल्लं त घर कसं चालन?" त्या माणसाला दोषी ठरवणारं एक अक्षरही मी लिहिणार नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं नसांमधलं जे एन्झाइम बंद पाडतात, ते पाखरात आहे, आपल्यातही आहे. पाखरू हलकं, शिवाय वजनाच्या किलोमागेही त्याला कमी मात्रा पुरते, म्हणून ते आधी पडतं.

म्हणून माझ्या जिल्ह्यातल्या शेतकरी भावाबहिणींना माझं सांगणं आहे. पिकावर फवारावं लागलं तर फवारा, पण धुरा आणि ई-क्लासचं गवत सोडा. जुलै ते सप्टेंबर तिथे अंडी-पिल्लं असतात. माळ पेटवू नका. पेरताना सांडलेलं गुलाबी बियाणं पायाने का होईना, मातीआड करा. आणि मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.