हसणारा मी

आर्थिक फसवणुकीची बातमी आली की माझा निकाल ठरलेला असे: हाव नडली. ओटीपी सांगणारा बावळट, ‘दुप्पट परतावा’ ऐकून पैसे ओतणारा लोभी. २०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये चोरट्यांनी लांबवले, तेव्हा मात्र मी ‘यंत्रणा भेदली’ असं म्हणालो. बँक लुटली गेली की सायबर हल्ला, माणूस लुटला गेला की मूर्खपणा. हा दुटप्पीपणा मला तेव्हा खुपलाही नाही.

खुपला तो मामांमुळे. आयुष्यभर सरकारी हिशेब तपासलेला माणूस. हावेचा लवलेश नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातल्या ‘अधिकाऱ्या’ने त्यांना बजावलं, की तुमच्या आधार कार्डावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. ‘पडताळणी’साठी मामांनी मुदत ठेव मोडून रक्कम पाठवली. असली अटक भारतातल्या कुठल्याच कायद्यात नाही. पण मामा कायद्याला भिऊन वागणारे, आणि चोरांनी नेमकं तेच हेरलं.

पैसे गेल्याचं कळूनही ते बरेच दिवस गप्प राहिले. मी तावातावाने विचारलं, “मला लगेच फोन का नाही केलात?”

माझ्याकडे न बघता मामा म्हणाले, “शेजारच्या काकूंचे पैसे गेले तेव्हा तू किती हसला होतास. मी तिथेच बसलो होतो.”

मला उत्तर सुचलं नाही. असे पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून बघता बघता पुढे पांगतात. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तातडीने तक्रार केली, तर ते वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता असते. मामांचे पहिले तास भीतीने खाल्ले आणि पुढचे दिवस माझ्या हसण्याने. ‘कुणाला सांगू नका’ असं चोराने त्यांना एकदा बजावलं. मी तेच वर्षानुवर्षं, न बोलता, सगळ्यांना सांगत आलो होतो.

फसायला हाव लागतेच असं नाही. भीती, घाई, अधिकाऱ्यापुढे मान तुकवायची सवय, काहीही पुरतं. माझंही काहीतरी असेलच. ओटीपी कुणाला देऊ नये, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, हे पाळायचंच. पण आजच घरातल्यांना एवढं सांगून ठेवा: पैसे गेले तर आधी १९३० ला फोन कर, मग मला. मी हसणार नाही.