पट्टा पडल्यावरचं गाणं

आमच्या शिरूर कासार तालुक्यात गाण्याची ओळख होते ती कीर्तनात, आजीच्या मांडीवर. दत्तजयंतीच्या सप्ताहात मांडवात म्हातारी माणसं आणि पोरंसोरंच असायची. मधल्या वयाचं कुणी दिसायचं नाही. आई-वडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या फडावर गेलेले असत. भजन म्हाताऱ्यांचंच असतं, असा माझा समज झाला होता.

तो मोडला नारळी सप्ताहानं. इथल्या गडांचे, म्हणजे संतपीठांचे, हे सप्ताह चैत्राच्या आसपास भरतात, दरवर्षी वेगळ्या गावी. तोवर कारखान्यांचा पट्टा पडायला, म्हणजे गाळप संपायला, लागतो, गाड्या भरून माणसं परततात. हिवाळाभर मोळ्या वाहून खांदे सोललेले माझे वडील टाळकऱ्यांच्या रांगेत पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. इतका मोकळा, इतका तरुण चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता. त्या मांडवात आजीपासून कडेवरच्या लेकरापर्यंत सगळी वयं होती.

पुढं शिकायला अंबाजोगाईला गेलो. 25 नोव्हेंबर ही यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी. त्या सुमारास तिथं त्यांच्या स्मृतीचा समारोह होतो, त्यात शास्त्रीय गायन-वादन असतं. मला तिकडं ओढलं पखवाजानं. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे पखवाजवादक शंकरबापू वारकऱ्यांच्या मृदंगावर वाढले आणि पद्मश्रीपर्यंत पोचले, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सभेत मात्र प्राध्यापक, डॉक्टर, निवृत्त मंडळी. माझ्या वयाचे गावाकडचे सोबती त्या रात्री फडावरच्या कोपीत झोपलेले असणार, पहाटे ऊस तोडायचा म्हणून.

तरुण पोरं डीजेपुढंच नाचतात, गाण्याला येत नाहीत, ही तक्रार मला पटत नाही. वरात वैशाखात निघते. तेव्हा ती गावात असतात म्हणून नाचतात. तीच पोरं पहाटे काकड्याला असतात, मी पाहतो. वयाची आवड असतेच, पण आमच्याकडं कुठल्या गाण्याला कोण बसणार हे आधी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल ठरवते.

म्हणून माझं मागणं आहे: ख्यालाची एखादी बैठक आमच्या गावात, वैशाखात व्हावी, मंदिरापुढच्या पटांगणात, तिकिटाशिवाय. आळंदीला मृदंग शिकून आलेली पोरं इथं आहेत. त्यांना तबल्याशेजारी बसवा, आणि कोयत्यावरून आलेल्या बायांना पुढं जागा द्या.