मुक्या वेदनेची नोंद

‘येथे दुखते’ एवढे सांगता येणे ही केवढी मोठी शक्ती आहे, हे सांगू न शकणाऱ्याच्या सहवासात राहिल्यावाचून कळत नाही. गेली दोन वर्षे आम्ही अशा सहवासात आहोत. आमच्या शिक्षक-निवासातील छोटी ही पामेरियन कुत्री अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. आता तिचे वय चौदा वर्षांचे असून वजन जेमतेम पाच किलो आहे.

सारे काही ठीक असताना ती अकस्मात किंचाळते, पाठीची कमान करते आणि मान खाली घालून थरथरत उभी राहते. तिला धाप लागते. जवळ गेलो तर आयुष्यात कोणावर न गुरगुरलेली छोटी दात दाखवते. हा प्रकार कधी दहा मिनिटे, तर कधी अर्धी रात्र चालतो. सकाळी मात्र काही घडलेच नाही अशा थाटात ती अंगणात फिरते.

कर्जतमध्ये तपासणी झाली. पुढे अहिल्यानगरला क्ष-किरण चित्र काढले, रक्त तपासले. दात, कान, पोट सर्व पाहून झाले. ठोस काही हाती लागले नाही. पशुवैद्यकांनी आम्हांस समजावून दिले की, क्ष-किरणात हाड दिसते. मणक्यांमधील चकती आणि मज्जातंतू नीट दिसत नाहीत. लहान जातीच्या कुत्र्यांत मानेतील चकती सरकून अशा कळा येऊ शकतात. स्वादुपिंडाला सूज आल्यासही पाठीची कमान होते. नेमके पाहायचे तर मोठ्या शहरात, भूल देऊन एमआरआय करावा लागेल. या वयात भूल देण्याचा धोका आम्ही पत्करला नाही.

जेथे निदान थांबते तेथे लोकांची स्पष्टीकरणे सुरू होतात. कोणी दृष्ट काढावयास सांगितले. कोणी म्हणाले, ‘मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगू द्या.’ हे वाक्य आमच्या समाजाने फार ऐकले आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त नाकारला, तो याचसाठी की, दुःखाचे खापर दुःखिताच्याच माथी फोडले की समाज आणि शासन जबाबदारीतून मोकळे होतात. कारण सापडले नाही याचा अर्थ कारण नाही असा होत नाही; ते पूर्वजन्मात आहे असा तर मुळीच होत नाही.

दुसरा प्रश्न आमच्याच वडीलधाऱ्यांनी विचारला व तो अधिक जड होता. ‘आपल्या माणसांना औषध मिळत नव्हते, आणि तुम्ही कुत्र्यावर खर्च करता?’ महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिण्यास मज्जाव नव्हता, माणसांना होता. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह त्यासाठीच झाला. कुत्र्याहून हीन लेखले गेल्याची ती सल खरी आहे. परंतु तो लढा माणसाच्या अन्यायाशी होता, तळ्यावर पाणी पिणाऱ्या मुक्या जिवाशी नव्हता. राजगृहात १९३४ साली काढलेल्या कुटुंबाच्या छायाचित्रात बाबासाहेब व रमाई यांच्यासमवेत त्यांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. महाडच्या सत्याग्रहाच्या सेनानीला टॉबीची माया विसंगत वाटली नाही. इतिहास शिकविताना आम्ही मुलांना आणखी एक साक्ष देतो. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांच्या आणि पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था एकाच दमात नोंदविली आहे. करुणेला वाटे पाडावे लागत नाहीत, ही दृष्टी त्यामागे आहे.

तथापि करुणेला शिस्त लागते. म्हणून आम्ही एक वही घातली. तारीख, वेळ, किती मिनिटे, त्याआधी छोटी काय करीत होती, काय खाल्ले होते, हे सारे त्यात लिहू लागलो. वसतिगृहातील नववीची मुले या कामात आपणहून सामील झाली. एका मुलाने झटक्याचे चित्रीकरण मोबाइलवर केले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत छोटी नेहमीच बरी झालेली असे, त्यामुळे ते चित्रीकरण पशुवैद्यकांना फार उपयोगी पडले. तीन महिन्यांच्या नोंदींतून दिसले की पायऱ्या चढल्यावर आणि थंडीतल्या पहाटे झटके अधिक येतात. मग गळपट्टा काढून छातीला बांधावयाचा पट्टा आणला, गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरले, पाण्याचे भांडे विटेवर ठेवले, उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली घेण्याचे ठरविले. पशुवैद्यकांनी मज्जातंतूंच्या वेदनेसाठी गॅबापेंटिन सुरू केले. घरातली माणसांची वेदनाशामके देऊ नयेत, ही त्यांची ताकीद येथे मुद्दाम नोंदवितो: आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

झटके थांबलेले नाहीत. अंतर मात्र वाढले आहे. औषधाने गुण न येता छोटीचे दिवस केवळ वेदनेचेच उरले, तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने तिला शांतपणे निरोप द्यावा लागेल, हेही आम्ही आपसात बोलून ठेवले आहे. तो निर्णय आमचा शीण पाहून नव्हे, तर वहीतील तिचे बरे-वाईट दिवस मोजून व्हावा, एवढाच आमचा आग्रह आहे.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारताना स्पष्ट केले की, बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे; मग तो मनुष्य असो वा प्राणी. निवासी शाळेत हे वाक्य भिंतीवर लावण्याजोगे आहे. घरापासून दूर आलेले पाचवीचे पोर पोट धरून बसते, तपासणीत काही निघत नाही, आणि ‘नाटक करतो’ हा शेरा फार स्वस्तात मिळतो. वहीत नोंदी करणारी आमची मुले आता अशा पोराला ‘कधीपासून दुखते? केव्हा जास्त दुखते?’ असे विचारतात आणि त्याच्याजवळ बसून राहतात. पालकांनीही घरी एवढे करावे. ज्यांच्या पूर्वजांच्या वेदनेवर शतकानुशतके कोणी विश्वास ठेवला नाही, त्यांच्या घरात कोणाचीही वेदना आधी खरी मानली जावी. कारणाचा शोध नंतर सावकाश घेता येतो.