नांगर



आमच्या वेसाव्याला एकादशी दोनदा कळते. एकदा उपवासाने, एकदा पाण्याने. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. अकराची पाऊणपट सव्वाआठ. एकादशीला त्या सुमारास खाडी भरलेली असते. अष्टमीच्या सुमारास पाणी मवाळ, त्याला भांग म्हणतात. तिथून ते वाढत जाते आणि पुनवेला, अवसेला उधाण येते. माझ्या वडिलांनी उतारवयात माळ घातली, तेव्हा तिथी त्यांना नव्याने शिकाव्या लागल्या नाहीत.

मी लहान असताना आमची शिडाची होडी होती. कार्तिकी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, पहाटेच्या ओहोटीला, मढच्या आडोशाला नांगर टाकायचे काम वडिलांनी प्रथमच माझ्यावर सोपवले आणि ते किनाऱ्यावर गेले. मी बांबूने पाणी मोजले. जेमतेम एक वाव. पाण्याच्या पाचपट दोर सोडावा हे ऐकून ठाऊक होते. पाच वाव दोर सोडला आणि निर्धास्त झोपलो.

उधाणाचे पाणी आमच्याकडे दोन वावांहून अधिक चढते. दुपारी तळाशी तीन वाव पाणी झाले, दोर मात्र पाचच. नांगर नुसत्या वजनाने धरत नाही. दोर लांब असला की ओढ आडवी बसते आणि त्याचे दात चिखलात रुततात. दोर आखूड पडला की ओढ वरून बसते आणि तो उचकटतो. जाग आली तेव्हा किनाऱ्यावरच्या माडांच्या खुणा सरकत होत्या. घाबरून मी दोर ओढू लागलो, तर होडी अधिकच वेगाने खाडीत शिरली आणि दुसऱ्या एका होडीवर आदळली. फळी तडकली.

वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “पोरा, ओहोटीत नांगर टाकताना भरतीचा दोर मोजायचा. आणि सरकलाच, तर ओढायचा नाही, सोडायचा.”

ही गोष्ट मी होडीपुरतीच लक्षात ठेवली. हरिपाठाचा नेम माझाही होता, पण सुखाच्या दिवसांना पुरेल एवढाच. दोन घटका मिळाल्या तर म्हटला, नाही तर उद्या. मग घरधनीण आजारी पडली. रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी नाम घेत होतो, पण ते रुतत नव्हते. प्रत्येक नामाला मी एक मागणे बांधले होते: देवा, हिला बरे कर. उत्तर येईना तसा अधिक जोराने मागत गेलो. माघात ती गेली आणि माझा नेमही सुटला.

1 जून ते 31 जुलै आमची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. म्हणून त्या वर्षी आषाढीला निघालो. देवावर रुसलेलाच होतो, पण घरात बसवत नव्हते. दिंडीत शेजारी एक शेतकरी माउली चालत होते. बोलता बोलता मी नांगर म्हटले, त्यांना शेतातला वाटला. दोघे हसलो. मग मी माझी फजिती सांगितली. ते म्हणाले, “आमचंही तेच, माउली. जू नांगराजवळ बांधलं की फाळ वर येतो. लांब बांधलं की खोल जातो.”

पुढची वाट मी गप्प चाललो. दवाखान्यात मी दोर ओढतच होतो, हे तेव्हा कळले. मागणे वाईट नव्हे. लेकराने आईजवळ नाही मागायचे तर कुठे? पण माझ्या नामात मागण्याखेरीज काही उरले नव्हते. दोर तेवढाच होता.

आता रोज पहाटे हरिपाठ म्हणतो. पुष्कळदा मन लागत नाही, तरी म्हणतो. तिची आठवण उधाणासारखी येते, तेव्हा काही मागत नाही. आणखी थोडा वेळ बसतो. अजून सरकतो कधी कधी. पण ओढत नाही.

पांडुरंग हरि.