पासवर्ड बरोबर, तरी मेल बंद

आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा संगणकावरचा मेल प्रोग्राम पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतो आणि बरोबर पासवर्ड दिला तरी तो नाकारतो, तेव्हा बऱ्याचदा चूक पासवर्डची नसते. मेलसेवा देणाऱ्या कंपनीने ओळख पटवण्याची पद्धत बदललेली असते आणि प्रोग्राम जुन्याच पद्धतीने लॉगिन करू पाहत असतो. पडद्यावरचा संदेश मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखाच दिसतो. या दोन कारणांतला फरक ओळखणे हेच या दुरुस्तीतले मुख्य कौशल्य.

बारामती एमआयडीसीतले लघुउद्योग, सीए आणि करसल्लागारांची कार्यालये, साखर कारखान्यांचे पुरवठादार, इंदापूरकडचे द्राक्ष आणि डाळिंबाचे निर्यातदार अशा ठिकाणी या प्रोग्रामचे महत्त्व टिकून आहे. वर्षानुवर्षांची बिले, कोटेशन आणि ऑर्डरी एका जागी सापडतात. नेट गेले तरी वाचता येतात. मेल बंद पडला की अडचणही तशीच मोठी होते. जीएसटीआर-3बी भरायची 20 तारीख तोंडावर असते, नाहीतर द्राक्षाच्या हंगामात कीटकनाशकांच्या अंशाच्या (रेसिड्यू) रिपोर्टची वाट पाहणे चालू असते. घाईत कोणीतरी पासवर्ड बदलतो, कोणी खातेच काढून टाकतो, आणि साधा बिघाड अवघड होऊन बसतो.

जुन्या पद्धतीत प्रोग्राम खात्याचा मुख्य पासवर्ड स्वतःकडे साठवून ठेवी आणि सर्व्हरशी जोडताना दरवेळी तोच पाठवी. त्यात ओटीपीला जागाच नव्हती. पासवर्ड एकदा फुटला की सगळे खाते परक्याच्या हाती जाई. नव्या पद्धतीचे नाव ओऑथ 2.0, तिचे मानक ऑक्टोबर 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात वापरकर्ता कंपनीच्याच लॉगिन पानावर ओळख पटवतो आणि प्रोग्रामला पासवर्डऐवजी टोकन मिळते. कारखान्याची किल्ली देण्याऐवजी गेटपास द्यावा, तसे हे आहे: ठरलेल्या कामापुरता, मुदतीचा आणि हवा तेव्हा रद्द करता येणारा.

हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. गूगलने वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी नुसत्या पासवर्डने लॉगिन करण्याची सवलत 30 मे 2022 पासून बंद केली. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या एक्स्चेंज ऑनलाइन खात्यांसाठी 1 ऑक्टोबर 2022 पासून, तर आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी 16 सप्टेंबर 2024 पासून जुनी पद्धत थांबवायला घेतली. म्हणून एकाच कार्यालयातली दोन खाती वेगवेगळ्या वर्षी बंद पडलेली दिसतात. तक्रार कधी सुरू झाली आणि खाते कोणत्या कंपनीचे, एवढे विचारले तरी निम्मे निदान होते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मेलची प्रत काढावी. मेल संगणकावर उतरवून घेणाऱ्या पॉप पद्धतीचे खाते असेल तर जुने मेल बहुधा त्या एकाच संगणकावर असतात, सर्व्हरवर नसतात. आउटलुकची पीएसटी फाइल किंवा थंडरबर्डचे प्रोफाइल फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतल्याशिवाय कोणतेही खाते काढू नये.

पहिली तपासणी ब्राउझरमध्ये करावी. तिथे त्याच पासवर्डने खाते उघडले तर पासवर्ड बरोबर आहे आणि दोष प्रोग्रामकडे आहे. तिथेही उघडले नाही तर आधी खाते सोडवावे लागते. त्यानंतर मेल येणे आणि जाणे वेगवेगळे तपासावे. दोन्हींचे सर्व्हर वेगळे आणि सेटिंगही वेगळे असते. येणाऱ्या मेलचे सेटिंग बदलले आणि जाणाऱ्याचे तसेच राहिले, हा नेहमी आढळणारा प्रकार आहे.

पुढचा प्रश्न प्रोग्रामच्या वयाचा. थंडरबर्ड अद्ययावत असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये साध्या पासवर्डऐवजी ओऑथ 2 निवडावे, साठवलेला जुना पासवर्ड पुसावा आणि कुकीज बंद नाहीत हे पाहावे. मग लॉगिनची खिडकी उघडते. आउटलुक 2013 सारख्या जुन्या आवृत्तीला जीमेलचे टोकन घेता येत नाही. तिथे अ‍ॅप पासवर्डचा मार्ग उरतो. त्यासाठी गूगल खात्यात दुहेरी पडताळणी चालू असावी लागते. मग 16 अक्षरांचा पासवर्ड मिळतो, तो एकदाच दिसतो आणि आउटलुकमध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी भरायचा असतो. गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की हे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. मालकाने सुरक्षिततेसाठी मोबाइलवर पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातले आउटलुक बंद पडले, याचा उलगडा इथे होतो. आउटलुक डॉट कॉमच्या खात्याला मात्र जुन्या आउटलुकमध्ये अ‍ॅप पासवर्डचाही उपयोग नाही. तिथे नवी आवृत्ती किंवा ओऑथ जाणणारा दुसरा प्रोग्राम घ्यावाच लागतो.

एवढे करूनही जोडणी झाली नाही तर संगणकाकडे वळावे. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी मदरबोर्डवरची बटन बॅटरी संपलेली असली की घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि सर्व्हरचे प्रमाणपत्र अवैध ठरते. तारीख दुरुस्त करताच मेल सुरू होतो. विंडोज 7 मध्ये सर्व्हरशी सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या टीएलएस 1.2 ची सोय असली तरी जुन्या आउटलुकसाठी ती आपोआप चालू नसते, ती चालू करावी लागते. आउटलुक नवे असूनही पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत असेल, तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढावी.

शेवटची अडचण माणसांची. ओटीपी जातो तो मोबाइल मालकाच्या खिशात असतो आणि मालक बागेत. किंवा नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचा नंबर अजून खात्याला जोडलेला असतो. यासाठी गूगल 10 बॅकअप कोड देते. ते छापून कुलपात ठेवावेत. खाते कोणते, पद्धत कोणती, पडताळणीचा नंबर कोणाचा, याची नोंद कार्यालयाच्या वहीत असावी. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर ओटीपी सांगू नये आणि अनोळखी माणसाला एनीडेस्कवरून संगणक चालवू देऊ नये.

काम झाल्यावर स्वतःलाच एक मेल पाठवून तो परत आल्याची खात्री करावी. अ‍ॅप पासवर्डवर चालणारे जुने आउटलुक ही तात्पुरती सोय आहे. पुढचा हंगाम किंवा पुढची 20 तारीख येण्याआधी, काम कमी असताना नव्या प्रोग्रामवर जाणे हाच खरा उपाय.